तिसऱ्या ‘नो मोर’पर्यंत

ग्रॅहम साहेबांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले आणि म्हणाले, “नो मोर. प्लीज, नो मोर.”

छबूताई हसल्या, त्यांनी मान डोलावली आणि साहेबांच्या दोन हातांमधल्या फटीतून तांदळाची भाकरी अलगद ताटात सरकवली.

मी समोरच बसले होते. मला तिथं हे बघायलाच बसवलं होतं. आमच्या धंद्यात याला ऑब्झर्व्हेशन म्हणतात. म्हणजे शिकवायला लागण्याआधी गप्प बसून बघायचं, दुखतंय कुठं ते. गप्प बसणं मला जन्मात कधी जमलेलं नाही. त्या दुपारी मात्र तोंडात भाकरीचा घास असल्यामुळे जमलं.

साहेबांनी ती भाकरी खाल्ली. घास चावताना ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. मग त्यांनी रस्सा पुसून घेतला, ताट लख्ख केलं आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. ताट रिकामं दिसताच छबूताई परत आल्या. या वेळी हातात भाताचं पातेलं होतं.

“मोर?” त्यांनी विचारलं.

उत्तराची वाट न बघता त्यांनी वाढलंही. इंद्रायणी तांदळाचा वाफाळता भात, वर रश्शाचे दोन डाव. साहेबांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजर मी दातांच्या डॉक्टरकडे पाहिली आहे, खुर्चीत बसलेल्या पेशंटच्या डोळ्यांत.

मी कम्युनिकेशन ट्रेनर आहे. सोप्या भाषेत, नोकरदार माणसांना कामापुरतं इंग्रजी बोलायला शिकवते. मूळची परभणीची. बरीच वर्षं झाली, जांब्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते आणि हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांमधल्या पोरापोरींना शिकवते. त्यांना व्याकरण माझ्यापेक्षा चांगलं येतं. येत नाही ते क्लायंटला ‘नाही’ म्हणणं. शुक्रवारी संध्याकाळी तिकडून फोन आला की ही मुलं ‘येस, शुअर’ म्हणतात आणि शनिवार-रविवार रडत बसतात. तेव्हा माझा खरा विषय इंग्रजी नाहीच. नकार कसा द्यायचा आणि कसा ऐकायचा, हे मी शिकवते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं माझी जी फजिती झाली ती याच विषयात झाली.

घोटावड्याच्या एका कारखान्यात नवीन मशीन बसवायचं काम चालू होतं. त्यासाठी इंग्लंडहून ग्रॅहम साहेब आले होते आणि बरेच महिने राहणार होते. कंपनीनं त्यांच्यासाठी आणि अधूनमधून येणाऱ्या इतर पाहुण्यांसाठी गावातलीच एक दुमजली इमारत गेस्ट हाऊस म्हणून भाड्यानं घेतली होती. इमारत छबूताई आणि त्यांचे यजमान नाना यांची. खाली हे दोघं, वर पाहुणे. स्वयंपाक छबूताईंचा.

कंपनीचे अ‍ॅडमिन हेड म्हणजे चौधरी साहेब. इमारती, गाड्या, कॅन्टीन, सगळं त्यांच्याकडे. त्यांनी मला फोन केला होता.

“मॅडम, आमचे गेस्ट जेवायलाच येत नाहीत. रूममध्ये बिस्किटं खातात. जेवायच्या वेळेला बरोबर फिरायला निघून जातात.”

“जेवण आवडत नाही का?”

“विचारलं तर ‘लव्हली’ म्हणतात. मला वाटतं, बाईंना इंग्रजी येत नाही, त्यामुळे काहीतरी गोंधळ आहे. तुम्ही बघा. नाहीच जमलं तर किचन मी हिंजवडीच्या केटररला देऊन टाकतो. डबे येतील, कटकट संपेल.”

“ताईंना हे सांगितलंय?”

“सांगितलंय,” ते म्हणाले आणि लगेच विषय बदलला. यावरून ताईंनी काय उत्तर दिलं असेल याचा मला अंदाज आला.

त्या दुपारी, चौधरी साहेबांनी आग्रहानं जेवायला धाडलेले ग्रॅहम साहेब ताटावरून उठले, किंवा उठवले गेले म्हणू, आणि मी छबूताईंच्या मागं मागं स्वयंपाकघरात गेले. छबूताई पंचावन्न-साठीच्या. उंच, काटक, बोलण्यात धारदार. मी बोलायच्या आत त्यांनीच सुरू केलं.

“म्याडम, तुमाला त्या चौधऱ्यानं धाडलंय, व्हय ना? मंग आधी माजं आयका. जमीन कंपनीत गेली, तवा मी कायबी बोलले न्हाई. पोरांचं भलं हुईल म्हनलं. मंग म्हशी गेल्या. चारा आनायचा कुठनं? तवाबी न्हाई बोलले. आता ह्यो म्हनतो चूलबी दुसऱ्याला द्या. मंग म्या दिसभर करायचं काय? टीवी बघत बसू?”

“इमारत तुमचीच राहील ना. भाडं येतच राहील,” मी म्हटलं. मला नुसतं चाचपून बघायचं होतं.

“भाडं ह्येंच्या खात्यात येतं,” त्यांनी बाहेर बाजेवर बसलेल्या नानांकडे हात केला. “चूल माजी हाय.”

हे ऐकून मला ही बाई एकदम आवडली. नोकरीतला पहिला नियम असा की कुणाची बाजू घ्यायची नाही. मी तो तिथंच मोडला.

“पाहुणे का येत नसतील जेवायला?” मी विचारलं.

“तेच तर कळना. येवढ्या मायेनं वाढतीया मी. त्यो लाजाळू हाय बगा. सारकं नो नो करतोय. पर मी काय उपाशी उठू देती व्हय.”

इंग्रजी त्यांना एकच शब्द येत होता. पहिल्यांदा आलेल्या कुणा पाहुण्यानं ताट पुढं करून ‘मोर’ म्हटलं होतं. त्यांनी तो शब्द उचलला आणि त्या एकट्या शब्दावर सगळं गेस्ट हाऊस चालवलं. भाकरी ‘मोर’, पाणी ‘मोर’, पांघरूण ‘मोर’. नानांचा यावर जुना विनोद होता. कुणी आलं की ते सांगायचे, “आमच्या डोंगरात जेवढे मोर न्हाईत, त्येवढे हिच्या सैपाकघरात हायेत.”

मला दुखणं कळलं होतं, पण अर्धंच. दुसरा अर्धा भाग संध्याकाळी कळला. ग्रॅहम साहेब इमारतीमागच्या बांधावरून पोटावर हात ठेवून येरझाऱ्या घालत होते. पन्नाशीचा, लालबुंद चेहऱ्याचा, दणकट माणूस. मी जाऊन सरळच विचारलं.

आधी त्यांनी नाही-नाही केलं. मग सगळं सांगून टाकलं. जेवण उत्तम आहे. पण त्यांच्या आईनं लहानपणापासून सांगितलेलं, ताटात काही टाकायचं नाही, ताट स्वच्छ झाल्याशिवाय उठायचं नाही. म्हणून ते ताट स्वच्छ करतात. स्वच्छ केलं की ताई वाढतात. ते ‘नो मोर’ म्हणतात, तरी ताई वाढतात. वाढलं की ते परत स्वच्छ करतात. याला अंत नव्हता, म्हणून त्यांनी जेवायला जाणंच बंद केलं.

“माझे उच्चार त्यांना कळत नसतील,” ते म्हणाले. “मी उत्तरेकडचा आहे. लंडनच्या लोकांनाही माझं बोलणं कळत नाही.”

मी म्हटलं, साहेब, उच्चार कळतात, पण तुमच्या नकारावर कुणाचा विश्वास नाही. मग त्यांना आपली रीत समजावून सांगितली. आपल्याकडे पाहुणा पहिल्यांदा ‘नको’ म्हणतो ते लाजेचं. दुसऱ्यांदा म्हणतो ते रीतीचं. तिसऱ्यांदा म्हणेल ते त्याच्या पोटाचं. यजमानानं पहिल्या नकारावर थांबणं म्हणजे वाढायचं मनातच नव्हतं असं होतं. आणि ताट रिकामं ठेवून पाहुणा बसलाय हे दिसणं तर घराण्याची नाचक्की.

साहेब आधी हसले. मग एकदम गंभीर झाले.

“थांबा,” ते म्हणाले. “माझ्या वाढदिवसाला मी कारखान्यात केक घेऊन गेलो होतो. मोठा केक. सगळ्या ऑपरेटर लोकांना विचारलं. सगळे म्हणाले, नो सर, नो सर.”

“मग?”

“मग मी तो परत आणला.”

“विचारलं किती वेळा?”

“एकदा.”

साहेबांनी कपाळावर हात मारला. “त्यांना केक हवा होता,” ते म्हणाले. त्यांना त्याचं खरोखर वाईट वाटत होतं. मग ते बराच वेळ मला विचारत राहिले, पहिला नकार कसा ओळखायचा, दुसरा कसा, तिसऱ्यात आवाज बदलतो का. इतका मन लावून शिकणारा विद्यार्थी मला हिंजवडीत मिळाला नव्हता. पण माझे खरे विद्यार्थी ते नव्हते. माझी विद्यार्थिनी आत तांदूळ निवडत होती.

छबूताईंचे धडे मी दुपारी, स्वयंपाकघरातच घेतले. त्यांना येत होता तोच शब्द धरला. नवीन माणसाला शिकवायचं तर त्याच्या खिशात जे नाणं आहे तेच मोडून सुटे करायचे, अशी माझी पद्धत आहे.

“मोर म्हणजे आणखी, जास्त,” मी म्हटलं. “पण एकट्यानं फार थोडं काम करतो. जोडीदार बदलला की काम बदलतं. ‘वन्स मोर’ ऐकलंय?”

“त्ये तर नाटकात वरडतात. गानं आवडलं की.”

“तेच. म्हणजे परत एकदा. आता ‘मोर ऑर लेस’. म्हणजे थोडं इकडं तिकडं, पण जवळपास तेवढंच.”

“उन्नीस-बीस.”

“बरोबर. साहेबांनी विचारलं, पाणी गरम झालं का, आणि होतच आलंय, तर म्हणायचं ‘मोर ऑर लेस’. ‘मोर दॅन इनफ’ म्हणजे पुरून उरेल इतकं. हे पाहुणा म्हणाला की समजायचं, त्याचं पोट गळ्याशी आलंय. आणि ‘आय कुडन्ट ईट एनी मोर’ म्हणाला तर तो हात जोडतोय तुमच्यापुढं.”

“येवढं लांबडं बोलत्यात? ढेकर द्यायचा की सरळ.”

ढेकर दिलेला तिकडं चालत नाही हे मी सांगितलं. त्यावर त्यांनी तिकडच्या लोकांबद्दल जे मत दिलं ते इथं लिहीत नाही.

त्यांना सगळ्यांत आवडलं ते ‘द मोर द मेरियर’. जितकी जास्त माणसं तितकी जास्त मजा. कुणी विचारलं, आणखी दोघांना घेऊन येऊ का, तर आनंदानं म्हणायचं, ‘द मोर द मेरियर’. छबूताईंनी हे दोन-तीनदा घोळवून म्हटलं. मग म्हणाल्या, “आमच्या सासूबाईबी आसंच म्हनायच्या. चार मानसं जास्तीची जेवली तर भांडी जास्त घासावी लागत्यात, बाकी कायबी व्हत न्हाई.”

इथवर गाडी झोकात चालली. मग मी मूळ मुद्द्यावर आले.

“ताई, आता महत्त्वाचं. साहेब ‘नो मोर’ म्हणाले की थांबायचं.”

“कितव्यांदा म्हनल्यावर?”

“पहिल्यांदा.”

त्यांनी निवडायचं सूप खाली ठेवलं. “पैल्याच ‘नगं’ला थांबायचं? मंग पावना उपाशी उठंल की.”

“नाही उठणार. त्यांच्याकडे पहिलंच नको खरं असतं.”

“आसं कसं आसंल? लाजत न्हाईत?”

“लाजतात. पण जेवताना नाही लाजत.”

पटलं नाही, पण चुलीचा प्रश्न होता म्हणून त्या तयार झाल्या. मग आम्ही रोल प्ले केला. म्हणजे लुटुपुटीचा खेळ. मी साहेब झाले, त्या छबूताईच राहिल्या. त्यांनी विचारलं, “सम मोर?” मी म्हटलं, “नो मोर, थँक यू.” आणि माझ्या ताटात भाकरी पडली. परत केलं. परत पडली. तिसऱ्या खेपेला त्यांनी भाकरी परत टोपलीत ठेवली, मान फिरवली, आणि मी पाणी पितेय तोवर ताटात भात आला.

“हात थांबत न्हाई म्याडम,” त्या काकुळतीला येऊन म्हणाल्या. “तोंड आयकतंय. हाताला कोन सांगनार?”

मग मी हाताला काम दिलं. पाहुण्यानं ‘नो मोर’ म्हटलं की डाव खाली ठेवायचा आणि दोन्ही हातांनी पदर घट्ट धरायचा. पदर सुटेपर्यंत वाढायचं नाही. हे जमलं. ट्रेनिंगच्या भाषेत याला अँकर म्हणतात, नांगर. होडी वाहवत जाऊ नये म्हणून टाकतात तो.

पहिल्या खऱ्या परीक्षेला मी हजर होते. ग्रॅहम साहेबांना मीच समजावून जेवायला आणलं होतं. दोन भाकरी झाल्या, भात झाला. छबूताई आल्या. “सम मोर?”

“नो मोर, थँक यू,” साहेब म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

छबूताईंनी पदर धरला. बोटांची पेरं पांढरी पडली होती. काही क्षण गेले. साहेबांनी एक डोळा उघडून ताटाकडे बघितलं. ताट रिकामंच होतं. मग दुसरा डोळा उघडला. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद पसरला की नानासुद्धा बाजेवरून उठून बघायला आले.

त्या दिवसापासून साहेब रोज जेवायला येऊ लागले. बिस्किटं बंद झाली. मी चौधरी साहेबांना फोन करून सांगितलं, प्रॉब्लेम सॉल्व्ह झालाय. माझ्या आवाजात थोडी ऐट होती, नाही असं नाही.

“तुम्ही म्हणताय म्हणून ठीक आहे,” ते म्हणाले. “पण केटररचा माणूस माझ्या मागं लागलाय. मी रविवारी स्वतः येऊन जेवतो, मग ठरवतो.”

छबूताईंना हे कळलं तेव्हापासून त्या माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलायच्या. म्हणजे ‘मोर’च्या जितक्या जोड्या त्यांना येत होत्या तितक्यांत. चहा झाल्यावर म्हणायच्या, “वन्स मोर?” दुखरा गुडघा कसा आहे विचारलं तर, “मोर ऑर लेस.” आणि मी निघाले की दारापर्यंत येऊन मराठीत एकच वाक्य. “म्याडम, चूल ऱ्हाईल न्हवं?”

मी म्हणायचे, राहील. खात्री मलाही नव्हती.

रविवार उजाडला. गावरान कोंबडीचा रस्सा, तांदळाच्या भाकरी, ठेचा, इंद्रायणीचा भात आणि शेवटी खीर. पाटावर तिघं. चौधरी साहेब, ग्रॅहम साहेब आणि मी. चौधरी साहेब जळगावचे, देहानं भरदार. रश्शाचा पहिला घास घेतला आणि ते काही बोलायचं विसरले. अर्धी लढाई जिंकली असं मला वाटलं.

दुसरी भाकरी संपली. वाटीत रस्सा अजून होता. छबूताई टोपली घेऊन आल्या. नव्या साडीत होत्या, आणि चेहरा परीक्षेला बसलेल्या मुलीचा.

“सम मोर?” त्यांनी स्वच्छ विचारलं.

चौधरी साहेब खूश झाले. ग्रॅहम साहेबांसमोर त्यांनीही इंग्रजीतच उत्तर दिलं. “नो, नो. नो मोर.” असं म्हणत त्यांनी ताट किंचित, अगदी दोन बोटं, पुढं सरकवलं.

छबूताईंनी टोपली खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी पदर धरला.

चौधरी साहेब थांबले. वाटीतला रस्सा बघितला, टोपलीकडे बघितलं, मग छबूताईंकडे. छबूताई गोड हसल्या आणि जागच्या हलल्या नाहीत. साहेबांनी पाणी प्यायलं. मग म्हणाले, “छान झालंय हो जेवण. पण आता नको. डॉक्टरांनी कमी खायला सांगितलंय.” हा दुसरा नकार. इतका मऊ नकार मी फार दिवसांत ऐकला नव्हता. त्यात निमंत्रण होतं, आर्जव होतं, कोंबडीच्या रश्शाची सगळी ओढ होती. छबूताईंनी पदर आणखी घट्ट धरला.

नियम मीच घालून दिला होता. तो साता समुद्रापलीकडच्या माणसासाठी होता, जळगावच्या माणसासाठी नव्हता, हे सांगायचं मला सुचलं नव्हतं. मी छबूताईंना डोळ्यांनी खुणावलं, वाढा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच नकारार्थी मान हलवली. मी परत खुणावलं, या वेळी हनुवटीनं. त्या माझ्याकडे बघून किंचित हसल्या. त्यांना वाटलं, मी परीक्षा घेतेय. त्यांना भुलवून बघतेय.

“न्हाई म्याडम,” त्या हळू पण ठाम आवाजात म्हणाल्या. “साहेब नो मोर म्हनलेत.”

चौधरी साहेबांचा चेहरा उतरला. राग आला असता तर परवडलं असतं. तो रागच नव्हता. आपण ज्या घरी आलो तिथं आपण कुणी नाही, असं कळलेल्या माणसाचा तो चेहरा होता. त्यांनी बोटं चाटून पुसली आणि थंडपणे म्हणाले, “ठीक आहे. बाकी ऑफिसात बोलू.”

ऑफिसात काय बोलणार ते मला ठाऊक होतं. छबूताईंनाही काहीतरी बिघडलं हे जाणवलं असावं, कारण हसू तसंच राहिलं आणि डोळे मात्र भरले. माणूस सांगितलेलं सगळं बरोबर करतो आणि तरी सगळं हातातून जातं, त्याहून वाईट काही नसतं. साहेब, तुम्हाला भूक आहे हे आम्हाला कळलंय, असं कसं म्हणणार?

तेवढ्यात ग्रॅहम साहेब उठले.

त्यांना पाटावरून उठायला वेळ लागायचा. एक हात जमिनीवर टेकवून, मग गुडघा, मग बाकीचा देह. उठून त्यांनी छबूताईंच्या पुढ्यातली टोपली घेतली, त्यातली एक भाकरी काढली आणि चौधरी साहेबांच्या ताटापुढं वाकून उभे राहिले.

“मोर?” त्यांनी विचारलं.

“नो, नो, ग्रॅहम, प्लीज,” चौधरी साहेब दचकून म्हणाले.

ग्रॅहम साहेबांनी डाव्या हाताचं एक बोट वर केलं. “वन,” ते म्हणाले आणि अर्धी भाकरी मोडून ताटात ठेवली. मग त्यांना येत होती तितकी सगळी मराठी त्यांनी एका दमात वापरली. “थोडी. थोडीच. घ्या.”

“अहो, खरंच नको...”

दुसरं बोट वर झालं. “टू.” उरलेली अर्धी ताटात गेली. मग त्यांनी रश्शाचं पातेलं उचललं, डाव भरला आणि ताटाच्या वर तसाच धरून ठेवला. तिसरं बोट अर्धं वर करून ते चौधरी साहेबांच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले. कारखान्यात मीटरच्या काट्याकडे बघतात तसं.

चौधरी साहेबांनी डावाकडे बघितलं. तोंड उघडलं. मिटलं. मग काही न बोलता वाटी पुढं केली.

पहिल्यांदा नाना हसले, बाजेवरून. मग चौधरी साहेब स्वतः. त्यांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. “हे तुम्हाला कुणी शिकवलं हो?” त्यांनी इंग्रजीत विचारलं. ग्रॅहम साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “एका केकमुळे शिकलो.” मग त्यांनी टोपली छबूताईंच्या हातात परत दिली, कारण पाटावर बसायला त्यांना दोन्ही हात लागायचे.

छबूताईंनी पदर सोडला. पुढच्या काही मिनिटांत त्यांनी चौधरी साहेबांना जे वाढलं ते बघून मला त्यांच्या डॉक्टरांची दया आली. तीन भाकरी, भात, खीर, परत खीर. नको म्हणायला त्यांना फुरसत मिळाली नाही. वाढता वाढता छबूताई मराठीत बडबडत होत्या, “माजंच चुकलं साहेब, मला वाटलं तुमीबी फारीनचं झालात,” आणि चौधरी साहेब भरल्या तोंडानं “नाही हो, नाही हो” म्हणत होते.

हात धुवून झाल्यावर ते ओसरीवर उभे राहिले. मी मुद्दाम जवळ गेले नाही. खांबाआड राहून ऐकलं.

“छबूताई, पुढच्या महिन्यात आमचे आणखी पाहुणे येणार आहेत. शिवाय ऑफिसातले दोघं-तिघं म्हणत होते, रविवारी आम्हीही येऊ का. तुम्हाला एकटीला झेपेल?”

छबूताईंना वाक्याचा अर्थ कळायला क्षणभर लागला. चूल राहिली होती. नुसती राहिली नव्हती, वाढली होती. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, आता रडणार. पण त्यांनी पदर सोडला, ताठ उभ्या राहिल्या आणि चौधरी साहेबांना इंग्रजीत उत्तर दिलं.

“द मोर द मेरियर.”

साहेब गाडीत बसेपर्यंत हसत होते. गाडीत त्यांच्याबरोबर खिरीचा डबाही गेला.

गाडी वळली तशी मी ओसरीवरच छबूताईंना नवीन नियम दिला. लांबून आलेल्याचा पहिला नकार खरा धरायचा, आपल्या माणसाचा तिसरा. आणि कोण कुठला ते कळत नसेल तर आधी गाव विचारायचं. हा नियम मी आता हिंजवडीतही शिकवते. तिथल्या मुलांना वाटतं मी गंमत करतेय.

ग्रॅहम साहेबांनी पुढच्याच आठवड्यात कारखान्यात दुसरा केक नेला. या वेळी प्रत्येकाला तीनदा विचारलं. स्वतःला एक तुकडासुद्धा उरला नाही, असं त्यांनी मला मोठ्या अभिमानानं सांगितलं.

आणि त्या रविवारी सगळे गेल्यावर छबूताईंनी मला परत पाटावर बसवलं. मघाशी माझं जेवण धड झालंच नव्हतं. दोन भाकरी झाल्यावर मी मनापासून म्हटलं, “बास ताई, नो मोर.”

त्यांनी भाकरी हातात धरूनच विचारलं, “म्याडम, तुमी मूळच्या कुटल्या?”

“परभणीच्या.”

“मंग अजून दोनदा म्हना,” त्या म्हणाल्या, आणि मी म्हणायच्या आत वाढून मोकळ्या झाल्या.